किंमत, गुण आणि बारा बोअरची दुनळी

मंडळी, बैलाच्या बाजारात गेलेला जाणता माणूस किंमत सगळ्यांत शेवटी विचारतो. आधी दात बघतो. चार दाती आहे की सहा दाती, की जुळलेला, ते पाहतो. मग खूर, खांदा, चाल. चार पावलं चालवून बघतो, शेपटी पिळून बघतो. हे सगळं झालं की मग व्यापाऱ्याचा हात रुमालाखाली हातात घेतो आणि बोटांनी भाव ठरतो. म्हणजे गुण आधी आणि किंमत नंतर, असा तो क्रम आहे. तो फार शहाणपणाचा आहे.

आता दुकानात काय होतं ते बघा. तिथं उलटा क्रम असतो. वस्तूला आधी चिठ्ठी लावलेली असते. आपण चिठ्ठी वाचतो आणि तिच्यावरून गुणाचा अंदाज बांधतो. 'एवढी महाग आहे म्हणजे चांगलीच असणार.' किंवा 'एवढी स्वस्त? काहीतरी गडबड असणार.' फोन घेताना, बियाणं घेताना, डॉक्टर निवडताना सुद्धा आपण हेच करतो. हा विचार कितपत खरा आहे, हा आजचा प्रश्न आहे. तो तपासायला आम्ही मुद्दाम एक आडवळणाची वस्तू घेतली आहे. ती म्हणजे खेळासाठी घ्यायची छऱ्याची बंदूक.

बंदूकच का, तर तीन कारणं आहेत. एक म्हणजे ती माणूस आयुष्यात एकदा, फार तर दोनदा घेतो, त्यामुळे अनुभवानं शिकायला वाव नाही. दुसरं, तिचा दोष आत असतो, नळीच्या पोटात. आणि तिसरं, निवड चुकली तर नुसते पैसे जात नाहीत. स्फोट डोळ्यापासून वीतभर अंतरावर होतो. चपला चुकल्या तर पाय दुखतात. इथं बोटं जाऊ शकतात.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे नियम यांच्या चौकटीबाहेर इथलं काहीच होत नाही. परवाना हवा, आणि विकणाराही परवानाधारक हवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर सामान्य माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, पूर्वी तीन ठेवता येत. परवान्याची मुदत मात्र तीनाची पाच वर्षं झाली. त्याच दुरुस्तीनं वरातीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद झाली. आपल्याकडं रानडुकरं सोयाबीन लोळवतात, हरणं कोवळी ज्वारी खातात, हे आम्हाला माहीत आहे. पण बंदुकीचा परवाना म्हणजे रानडुक्कर मारायचा परवाना नव्हे, त्याची वाट वन खात्यातून जाते. तेव्हा खेळ म्हणून जे उरतं ते म्हणजे हवेत उडवलेल्या चकत्यांवरची नेमबाजी. ट्रॅप आणि स्कीट. चकती ११० मिलीमीटर रुंद, वजनाला सव्वाशे ग्रॅमच्याही आत, आणि यंत्रातून सुटली की भिरभिरत पळणारी.

ज्यांनी बंदूक फक्त सिनेमात पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडं. रायफलच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात आणि तिच्यातून एक गोळी फिरत जाते. छऱ्याच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. एका काडतुसात शेकडो बारीक छर्रे असतात आणि ते पसरत जातात. 'बारा बोअर' म्हणजे काय? एक पौंड शिसं घ्या, त्याचे सारखे बारा गोळे करा. त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती बारा बोअर. आजच्या मापात साधारण साडेअठरा मिलीमीटर. हे माप ठासणीच्या काळापासून चालत आलं आहे. बोअरचा आकडा जसा वाढतो तशी नळी बारीक होते, वीस बोअर बारापेक्षा लहान, याचं कारण हेच.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. महाग म्हणून चांगली, हे अनुमान आहे. अनुमान कधी टिकतं आणि कधी पडतं याची फार बारीक चर्चा आपल्या नैयायिकांनी करून ठेवली आहे. डोंगरावर धूर दिसला, म्हणून तिथं अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण उलटं केलं तर? अग्नी आहे म्हणून धूर असणार, हे बरोबर का? नाही. त्यांचं उदाहरण लोहाऱ्यात सांगायला आम्हाला विशेष आनंद होतो, कारण ते थेट भट्टीतलं आहे. लोहारानं भट्टीतून काढलेला लालबुंद लोखंडाचा गोळा बघा. अग्नी आहे, धूर नाही. मग अग्नीबरोबर धूर कधी असतो? सरपण ओलं असेल तेव्हा. या ओल्या सरपणाला ते 'उपाधी' म्हणतात. म्हणजे दोन गोष्टींचा संबंध आपोआपचा नसतो, तिसऱ्याच एका गोष्टीच्या आधारानं उभा असतो. ती तिसरी गोष्ट नजरेतून सुटली की अनुमान फसतं.

किंमत आणि गुण यांचं असंच आहे. किंमत असली की गुण असतोच असं नाही. मध्ये ओलं सरपण लागतं. ते कोणतं? तर वाढीव पैसा त्या वस्तूच्या कामात खर्ची पडलेला असणं. तो नावात पडला असेल, नक्षीत पडला असेल, टंचाईत पडला असेल, तर भाव चढतो आणि गुण जिथल्या तिथं राहतो. म्हणून महाग वस्तूसमोर विचारायचा प्रश्न 'ही चांगली आहे का' असा नाही. 'हिचा भाव कशानं वाढला' असा आहे.

स्वस्ताईचं अनुमान मात्र याहून बळकट आहे, हे फार कमी लोक लक्षात घेतात. चांगलं पोलाद, नळी सरळ भोकायची मेहनत, बिजागरीची घट्ट बसणी, याला काहीएक खर्च येतोच. त्या खर्चाच्या खाली कोणी नवी बंदूक विकत असेल, तर यातलं काहीतरी त्यानं केलेलं नाही. महागपणा गुणाची खात्री देत नाही, पण नव्या वस्तूचा फाजील स्वस्तपणा दोषाची बरीच खात्री देतो. दोन्ही बाजू सारख्या नाहीत. जुन्या वस्तूचं वेगळं, तिथं विकणारा नडलेला किंवा अजाण असू शकतो.

आता टंचाईचं बघा, कारण आपल्या देशात बंदुकीचा भाव चढवणारी सगळ्यांत मोठी गोष्ट तीच आहे. ऐंशीच्या दशकापासून सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करणं बंद झालं. नामांकित नेमबाजांना सवलत मिळते, बाकीच्यांना नाही. त्यामुळे त्याआधी देशात आलेल्या ज्या विलायती बंदुका आहेत त्याच हातोहात फिरतात. तिकडं मध्यम दर्जाची समजली जाणारी, कारकुनानं रविवारी वापरावी अशी बंदूक इथं जमिनीच्या तुकड्याच्या भावानं मागितली जाते. तिच्यावर 'मेड इन इंग्लंड' लिहिलेलं असतं, हे खरं. पण तो भाव इंग्लंडच्या कारागिरीचा नाही, आपल्या बंदरावरच्या बंदीचा आहे. इकडं मुंगेर आणि जम्मूचे खाजगी कारागीर बंदुका बनवतात, सरकारी शस्त्रनिर्माण कारखानेही बनवतात. त्या सगळ्या चांगल्या किंवा सगळ्या वाईट असं आम्ही म्हणणार नाही. एकेक नग हातात घेऊनच बोलावं. पण विलायती म्हणून हात जोडायचे आणि देशी म्हणून नाक मुरडायचं, ही पारख नव्हे.

किंमत बघणाऱ्याच्या नजरेत किती असते, याचा एक दाखला आपल्याच जिल्ह्यातून गेला आहे. विजापूरच्या बुरुजावरची मुलूखमैदान तोफ आपण पाहिली असेल. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. मुहम्मद बिन हुसेन रूमी हा तिचा ओतारी. तिथून ती आपल्या परंड्याच्या किल्ल्यावर आली आणि १६३२ मध्ये मुरार जगदेवानं ती विजापूरला नेली. राज्यं गेली, इंग्रज आले. १८५४ मध्ये साताऱ्याहून हुकूम निघाला की विजापुरात पडलेला निरुपयोगी सरकारी माल विकून टाका. मामलेदारानं तोफ लिलावात काढली. सगळ्यांत वरची बोली आली ती दीडशे रुपयांची! वरच्या अधिकाऱ्याला ती फारच कमी वाटली आणि विक्री रद्द झाली, म्हणून तोफ आज जागेवर आहे. बोली लावणारा मूर्ख होता का? अजिबात नाही. त्याला तिच्यात फक्त धातू दिसत होता, आणि तो फोडायचा आणि वाहून न्यायचा खर्चही दिसत होता. त्याच्या उपयोगाच्या मानानं दीडशे हा आकडा बरोबर असेल. किंमत कशाची लावली, हे कळल्याशिवाय ती कमी की जास्त हे कसं ठरवणार?

बंदुकीत पैसा कुठं कुठं मुरतो, ते आता पाहू.

पहिला पैसा जातो सुरक्षिततेत. नळीचं पोलाद, नळी आणि कळ यांची पक्की बसणी, खटका चुकून सुटू नये याची व्यवस्था. इंग्लंडात नळ्यांची परीक्षा घेणारी घरं आहेत. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ ची सनद आहे, बर्मिंगहॅमचं परीक्षाघर १८१३ चं. नेहमीपेक्षा जास्त दाबाचं काडतूस मुद्दाम उडवून बघतात, नळी टिकली तर तिच्यावर छाप मारतात. या टप्प्यावर घासाघीस करायची नाही. इथं वाचवलेला रुपया हा वाचवलेला रुपया नसतोच.

पण याच टप्प्यावर एक सुंदर फसवणूक उभी असते. जुन्या काही बंदुकांच्या नळ्यांवर लाटांसारखी, मोरपिसासारखी नक्षी दिसते. तिला दमास्कस नळी म्हणतात. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, तापवून, ठोकून त्या नळ्या घडवलेल्या. काय काम आहे! हातात घेतलं की सोडवत नाही. पण त्या काळ्या दारूच्या जमान्यातल्या आहेत. आजच्या धूरविरहित दारूचा दाब वेगळा. पट्ट्यांच्या सांध्यात शंभर-सव्वाशे वर्षांत आतून गंज गेलेला असला तर बाहेरून कळत नाही. आजच्या दारूसाठी नव्यानं तपासून छाप मारलेली नसेल तर ती भिंतीची शोभा आहे. ती सुद्धा परवान्याच्या नियमांत बसवूनच. आपल्याकडं म्हणतात ना, सुरी सोन्याची असली म्हणून कोणी उरात खुपसून घेत नाही.

दुसरी गोष्ट काडतुसाच्या घराची. जुन्या विलायती बंदुकांत हे घर बहुधा ६५ मिलीमीटरचं असतं, आजची पुष्कळ काडतुसं ७० ची. आता गंमत अशी की ७० चं काडतूस ६५ च्या घरात आरामात बसतं. कारण ७० हे माप उडून उघडलेल्या काडतुसाचं, न उडालेल्याचं तोंड दुमडलेलं असतं. बसलं म्हणून माणूस निर्धास्त होतो. चाप ओढला की तोंड उलगडतं, त्याला पुढं जागा नसते आणि दाब चढतो. आम्ही एका वृद्ध बंदूक-मिस्त्रींजवळ बऱ्याच दुपारी बसलो आहोत. ते म्हणायचे, "जातंय म्हणजे चालतंय असं नसतंय, सर." प्रत्यक्ष प्रमाण सुद्धा कसं फसवतं यावर वर्गात आम्ही दोन तास घेत असू. मिस्त्रींनी एका वाक्यात काम केलं.

दुसरा पैसा जातो टिकण्यात. चकत्यांच्या नेमबाजीत पात्रता फेरीच १२५ चकत्यांची असते. म्हणजे सरावात वर्षाला हजारोंनी काडतुसं उडतात. शिकारीची बंदूक वर्षाला शंभर-दोनशे बार काढायची, तिच्यासाठी ही ओढ नाही. तिथं वरच्या दर्जाच्या पोलादाला, सहज बदलता येणाऱ्या सुट्या भागांना अर्थ आहे. इटलीत ब्रेशा शहराच्या आसपास हा व्यवसाय शतकानुशतकं चालत आला आहे. बेरेटा घराण्याची नोंद १५२६ पासूनची आहे, नेमबाजांत मानाची असलेली पेराझी मात्र १९५७ ची, तशी कालची. त्यांच्या बंदुकांचा भाव बऱ्याच अंशी या टिकण्याचा आहे.

तिसरा पैसा, आणि आमच्या मते सगळ्यांत कमी ओळखला जाणारा, जातो अंगाला बसण्यात. रायफलला दोन खुणा असतात, एक पुढं आणि एक मागं, त्या जुळवून नेम धरतात. छऱ्याच्या बंदुकीला मागची खूणच नाही. मागची खूण म्हणजे आपला डोळा. दस्ता खांद्याला लागला, गाल दस्त्यावर टेकला की डोळा जिथं येईल तिथं बार जाणार. दस्ता दोन बोटं लांब असेल तर बंदूक वर घेताना काखेत अडकते. गालाखाली लाकूड कमी असेल तर बार खाली जातो. आता दुकानातल्या बहुतेक बंदुकांचे दस्ते उंचापुऱ्या गोऱ्या पुरुषाच्या मापाचे. सव्वापाच फूट उंचीच्या आपल्या मुलीनं ती कितीही लाखांची घेतली तरी ती तिच्यासाठी वाईट बंदूक आहे. आणि हा दोष काढायला किती खर्च येतो? जाणत्या मिस्त्रीकडून दस्ता कापून, घासून, मागं रबर लावून घ्यायचा, बंदुकीच्या किमतीच्या मानानं किरकोळ.

म्हणजे गुण हा वस्तूत ठेवलेला पदार्थ नाही, निदान पूर्णपणे नाही. तो वस्तू आणि माणूस यांच्यातला संबंध आहे. ॲरिस्टॉटलनं मध्यममार्गाबद्दल सांगताना खुराकाचं उदाहरण दिलं आहे. दहा माप अन्न फार आणि दोन माप कमी, म्हणून तालीमबाजांचा गुरू सरसकट सहा माप सांगत नाही. मायलो नावाच्या प्रसिद्ध मल्लाला सहा अपुरं पडेल आणि नवशिक्याला जड होईल. मध्य गणिताचा नसतो, ज्याचा त्याचा असतो. 'फार स्वस्त नको, फार महाग नको, मधली घ्या' असं जे सांगतात त्यांना हे ऐकवावं. मधली किंमत हे उत्तर नाही. मधल्या किमतीची चुकीची बंदूकही मिळते.

वजनाचंही तेच. शिकारीची जातिवंत विलायती दुनळी तीन किलोच्या आसपास, फुलासारखी हलकी, आणि त्या हलकेपणासाठीच महाग. चकत्यांची बंदूक साडेतीन ते चार किलोची. हलकी बंदूक खांद्याला जास्त धक्का देते. दिवसभरात चार बार काढायचे तर चालतं, शंभर काढायचे तर खांदा सुजतो आणि चाप ओढताना माणूस डोळे मिटायला लागतो. जो गुण तिकडं भाव वाढवतो तोच इकडं दोष.

शेवटचा पैसा नक्षीत आणि नावात. सोन्याची जडावाची हरणं, बाजूच्या पत्र्यावरची कोरीव वेलबुट्टी. कळीचं सुद्धा असंच. साइडलॉक जातीची कळ करायला फार हातकाम लागतं म्हणून ती उंची. बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्सच्या कारखान्यात अँसन आणि डीली या दोघांनी १८७५ मध्ये बॉक्सलॉक काढली, भाग कमी, बनवायला सोपी आणि कामाला तितकीच भरवशाची. जगातल्या साध्या दुनळ्या तिच्यावर चालल्या. आम्ही नक्षीला हसत नाही. पैठणीचा पदर थंडी अडवत नाही म्हणून कोणी त्याला निरुपयोगी म्हणत नाही. फक्त पदराचे पैसे देताना आपण पदराचेच पैसे देतो आहोत, ऊब विकत घेत नाही, एवढं कळलेलं असावं. व्हेब्लेननं १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगावर जे लिहिलं त्याची आठवण लग्नसराईत आम्हाला दरवर्षी येते, बंदूक सोडा.

इथं एक चिठ्ठी आली आहे, ती वाचतो. 'मुलगी परगावी शिकते. ट्रॅप नेमबाजी सुरू केली आहे. स्वतःची बंदूक हवी म्हणते. स्वस्त घेतली तर वाया जाईल, चांगली घ्यायची तर एक एकर काढावं लागेल. काय करू?' नाव लिहिलेलं नाही आणि ते विचारायचं कारणही नाही. पण या प्रश्नासाठी आम्ही सगळं व्याख्यान बाजूला ठेवायला तयार आहोत.

आधी हिशेब करू. बंदुकीची किंमत हा या खेळातला लहान आकडा आहे. समजा, ती आठवड्याला शंभर काडतुसं उडवते, वर्षात पन्नास आठवडे. पाच हजार काडतुसं झाली. दर वर-खाली होत असतो, पण हिशेबापुरते एका काडतुसाचे पन्नास रुपये धरा. वर्षाचे अडीच लाख! चार वर्षांत दहा लाख. प्रवास, मैदानाची फी, प्रशिक्षक वेगळे. एक एकर विकून बंदूक आली आणि काडतुसाला पैसे उरले नाहीत, तर ती बंदूक कपाटात बसेल. उलट, साध्या पण निर्दोष, अंगाला बसवलेल्या बंदुकीनं पाच हजार बार काढणारी मुलगी भारी बंदुकीनं पाचशे बार काढणाऱ्या मुलीच्या पुढं जाईल. बंदुकीची किंमत काडतुसांच्या संख्येनं भागून बघा, म्हणजे कोणता खर्च कशाला खातो ते दिसेल.

मग भारी बंदुकीचा उपयोगच नाही का? आहे, पण कोणत्या टप्प्यावर? २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्कीटच्या मिश्र सांघिक प्रकारात महेश्वरी चौहान आणि अनंतजीत सिंग नरूका यांचं कांस्यपदक चीनकडून ४३-४४ असं हुकलं. एका चकतीनं. त्या उंचीवर बंदुकीतला शेवटचा बारीकसा फरकही पैसे मोजण्याजोगा असतो. जो अजून शंभरात साठ फोडतो त्याची उरलेली चाळीस बंदुकीमुळे चुकत नाहीत. ती पाय, मान आणि घाई यांमुळे चुकतात, आणि ते कुठल्या दुकानात मिळत नाही.

हेही सांगतो की या खेळात आपल्याकडं आधी राजेरजवाडे होते. बिकानेरचे करणी सिंग यांनी १९६२ च्या जागतिक स्पर्धेत ट्रॅपमध्ये रौप्यपदक मिळवलं. नंतर सैन्यातून माणसं आली, २००४ मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपचं रौप्यपदक घेणारे राज्यवर्धन सिंग राठोड सैन्यातले. राजाकडं इस्टेट होती आणि सैनिकामागं संस्था होती. शेतकऱ्याच्या मुलीकडं दोन्ही नसेल तर तिनं आधी संस्था शोधावी. मैदानाची, क्लबची बंदूक वापरून वर्ष काढावं, तोवर तिचं माप, तिची शैली ठरते, आणि मुख्य म्हणजे तिला हे खरंच करायचं आहे का ते कळतं. दहा मीटर एअर रायफलचा रस्ताही आहे. ठराविक शक्तीखालच्या हवेच्या बंदुकीला परवाना लागत नाही आणि छर्रा काडतुसाच्या मानानं नगण्य किमतीचा. आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला कांस्य घेतलं ते रायफलमध्येच. एकर मात्र तूर्त काढू नका. जमीन विकली की परत येत नाही, बंदूक पुढच्या वर्षीही मिळते.

आता जुनी बंदूक घ्यायची झाली तर. १९७० मध्ये अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञानं जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला, पुढं २००१ मध्ये त्याला नोबेल मिळालं. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की विकणाऱ्याला दोष माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो, म्हणून घेणारा सरासरी भाव देतो. सरासरी भाव मिळतो म्हटल्यावर चांगल्या मालाचा मालक बाजारातून उठून जातो. उरतो तो खराब माल. आपल्या बैलबाजारात हे का झालं नाही? कारण तिथं दात बघता येतात. तेव्हा बंदुकीचे दात कुठं असतात ते माहीत हवं.

हातात घेतली की सगळ्यांत आधी उघडून रिकामी आहे ना ते बघा, विकणारा काहीही म्हणो. पुढचं लाकूड काढा आणि बंद बंदूक दस्त्याला धरून हलवा. बिजागरी खुळखुळली तर सांधा झिजला आहे. नळ्या सुट्या करून उजेडाकडं धरा. आतल्या प्रकाशाच्या कड्या अखंड दिसल्या पाहिजेत. सावली वाकली तर पोचा आहे, काळे ठिपके म्हणजे गंजाचे खड्डे. दुनळी असेल तर नळ्या एका बोटावर टांगून हलकेच टिचकी मारा. घंटेसारखा स्वच्छ नाद आला तर दोन नळ्यांमधला डाग पक्का आहे. फुटक्या मडक्यासारखा बद्द आला तर तो सुटला आहे. आपल्या बायकांना माठ घेताना हे शिकवावं लागत नाही. मनगटाच्या जागी दस्त्याला चीर आहे का, घराचं माप किती, परीक्षेचे छाप कोणते, हे बघा. शक्य असेल तर मैदानावर चाळीस यार्डांवर मोठा कागद लावा, बार काढा, दाट जागेभोवती तीस इंचाचं वर्तुळ काढून छर्रे मोजा. पूर्ण चोकच्या नळीनं सत्तर टक्क्यांच्या आसपास छर्रे आत ठेवावेत, मोकळ्या नळीनं चाळीसच्या. त्या कागदावर कंपनीचं नाव उमटत नाही.

नळीच्या भिंतीची जाडी मात्र आपल्याला कळणार नाही, त्याला मापक आणि जाणता माणूस लागतो. इथं शब्दप्रमाण येतं. कोणाचा शब्द मानायचा? वात्स्यायनानं आप्ताचं लक्षण सांगितलं आहे. ज्यानं गोष्ट स्वतः पाहिली आहे आणि जी पाहिली तशी सांगायची ज्याला इच्छा आहे, तो आप्त. आणि हे लक्षण ऋषी, आर्य, म्लेंच्छ सगळ्यांना सारखंच लागू आहे, असंही त्यानं स्पष्ट म्हटलं. जात नाही, पदवी नाही. दुकानदाराला पहिली अट लागू पडेल कदाचित, दुसरी अवघड, कारण त्याला विकायचं आहे. विक्रीत ज्याचा पैसा नाही असा मिस्त्री गाठा, त्याला पाहणीचे पैसे वेगळे द्या आणि 'घेऊ नका' म्हणाला तरी तितकेच द्या.

अजून एक चिठ्ठी आहे. 'आजोबांची दुनळी घरात आहे, वडिलांच्या नावानं परवाना होता, ते वारले. नातेवाईक म्हणतात विलायती आहे, लाखाला जाईल.' भावाचं नंतर बघू. परवानाधारक वारल्यावर शस्त्र घरात तसंच ठेवता येत नाही. आधी पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडं जमा करा, पावती घ्या आणि वारसाचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करा. नळीवर लाटांची नक्षी आहे का ते बघा. आणि जमा करायला नेण्याआधी आत काडतूस राहिलेलं नाही ना हे कोणा जाणत्या माणसाकडून उघडून घ्या. पोरांच्या देखत नको.